रिकामी दिसणारी मार्गिका

भोपाळमध्ये जानेवारी २०२४ मध्ये बसची स्वतंत्र मार्गिका उखडण्यास प्रारंभ झाला. इंदूरच्या आग्रा-मुंबई रस्त्यावरील मार्गिकेविषयी उच्च न्यायालयाचा आदेश फेब्रुवारी २०२५ मध्ये आला आणि तेथेही कठडे निघू लागले. दिल्लीने हे काम त्याआधीच, २०१६ मध्ये उरकले होते. पुण्यात नगर रस्त्यावरील मार्गिका २०२३ नंतर टप्प्याटप्प्याने काढण्यात आली. देशात ज्या शहराने हा प्रयोग सर्वांत आधी, डिसेंबर २००६ मध्ये केला, त्या पुण्यातच आज 'ही मार्गिका एकदाची काढून टाका' असे म्हणणारा आवाज सर्वांत मोठा आहे. मार्गिका निघाली की मोटारींना एक पट्टा अधिक मिळेल आणि कोंडी फुटेल, असा त्यामागचा सरळ तर्क आहे. तो इतका सरळ आहे की तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. म्हणूनच तो तपासला पाहिजे.

सायंकाळी सहाच्या सुमारास कोणत्याही गजबजलेल्या रस्त्यावर उभे राहिले तर दृश्य असे दिसते. दुभाजकालगतचा बसचा पट्टा मोकळा पडलेला आणि शेजारच्या दोन पट्ट्यांत वाहने एकमेकांना खेटून उभी. मोटारीत बसलेल्या माणसाचा संताप स्वाभाविक आहे. आपण येथे अडकलो असताना पलीकडचा रस्ता रिकामा का, असे त्याला वाटते. परंतु रस्त्याचा उपयोग त्यावर दिसणाऱ्या वाहनांच्या गर्दीवरून मोजायचा, की त्यावरून गेलेल्या माणसांच्या संख्येवरून? ढोबळ हिशेब मांडून पाहू. सिग्नल असलेल्या शहरी रस्त्यावरील एका पट्ट्यातून तासाला साधारण सातशे-आठशे मोटारी जातात. एका मोटारीत सरासरी दीड माणूस धरला तरी ही संख्या हजार-बाराशेच्या पुढे जात नाही. तेवढ्याच रुंदीच्या पट्ट्यातून मिनिटाला एक बस गेली आणि तिच्यात साठ प्रवासी असले, तर तासाला तीन हजार सहाशे माणसे जातात. म्हणजे तिप्पट. तरीही ती मार्गिका प्रत्येक मिनिटातील पन्नास-पंचावन्न सेकंद रिकामीच दिसणार, कारण काम चोख होत असल्याची ती खूण आहे. धरणातून निघालेला कालवा शांत दिसतो म्हणून त्यातून पाणी जात नाही असे कोणी म्हणत नाही.

मात्र हा हिशेब एका अटीवर उभा आहे. मिनिटाला एक बस आली पाहिजे. ती दहा मिनिटांनी येत असेल तर तासाला साडेतीनशे माणसांसाठी एक पट्टा अडवून ठेवल्यासारखे होते आणि मग मोटारवाल्याचा संताप अन्याय्य म्हणता येत नाही. आपल्याकडे नेमके हेच घडत आले. मार्गिका बांधली ती महापालिकेच्या रस्ते विभागाने, बस चालवायच्या त्या परिवहन संस्थेने, सिग्नल सांभाळायचे ते वाहतूक पोलिसांनी. तिघांचे अंदाजपत्रक वेगळे, वरिष्ठ वेगळे, प्राधान्यक्रम वेगळे. काँक्रीट ओतण्याचे काम दिसते, त्याचे उद्घाटन करता येते, म्हणून ते आधी झाले. बसगाड्यांची संख्या, त्यांची देखभाल, चालक-वाहकांची भरती ही कामे दिसत नाहीत, म्हणून ती मागे राहिली. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात मोठ्या शहरांसाठी एकात्मिक परिवहन प्राधिकरणाची शिफारस होती. ती कागदावर स्वीकारली गेली. रस्त्यावर मात्र तीन धन्यांचा एक नोकर अशीच स्थिती राहिली.

पुण्याच्या पहिल्या प्रयोगाचा इतिहास या दृष्टीने डोळ्यांखालून घालण्यासारखा आहे. डिसेंबर २००५ मध्ये केंद्राने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू केले. शहरांना मोठा निधी उपलब्ध झाला. कात्रज-स्वारगेट-हडपसर हा सुमारे १६ किलोमीटरचा मार्ग निवडला गेला आणि वर्षभराच्या आत त्यावर बस धावलीही. एवढी घाई कशासाठी, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता. मार्गिका कोठे रस्त्याच्या मध्यभागी, तर कोठे कडेला होती. उड्डाणपूल आला की ती संपे आणि पुढे पुन्हा सुरू होई. बसथांबे रस्त्याच्या मधोमध आले. पण तेथपर्यंत प्रवाशाने कसे पोहोचायचे याचे उत्तर आराखड्यात धड नव्हते. ज्या बसगाड्या होत्या त्यांचीच धाव या मार्गावर वळवण्यात आली. परिणाम व्हायचा तोच झाला. पायी चालणारी माणसे वाहनांखाली आली. वर्तमानपत्रांनी मथळे केले. सोलापूर रस्त्यावरील मार्गिका हळूहळू नाममात्र उरली, तर सातारा रस्त्याची काही वर्षांनी नव्याने खर्च करून फेररचना करावी लागली. एका चांगल्या कल्पनेला पहिल्याच प्रयोगात असे बट्टे लागले की पुढे 'बीआरटी' हा शब्दच पुणेकरांच्या तोंडी थट्टेचा विषय झाला.

याच सुमारास अहमदाबादमध्ये काय घडत होते? तेथील महापालिकेने सेप्ट या नियोजन-शिक्षण संस्थेकडे आराखडा सोपवला. आधी कोणते मार्ग घ्यायचे याचा अभ्यास झाला. गजबजलेली ठिकाणे जोडायची, परंतु गजबजलेल्या अरुंद रस्त्यांवरून पहिलाच प्रयोग करायचा नाही, हे सूत्र ठरले. त्यासाठी रुंद रस्ते निवडले. थांबे मध्यभागी घेतले, पण बसगाड्यांचे दरवाजे त्याप्रमाणे उजव्या बाजूला करून घेतले. थांब्याच्या फलाटाची उंची आणि बसच्या तळाची उंची एक केली. तिकीट बसमध्ये न देता थांब्यावर देण्याची व्यवस्था केली. आणि ऑक्टोबर २००९ मध्ये पहिला साडेबारा किलोमीटरचा टप्पा रीतसर सुरू करण्यापूर्वी काही महिने लोकांना विनामूल्य प्रवास करू दिला. त्या काळात चुका उघड झाल्या, त्या सुधारल्या गेल्या. चालकांना सवय झाली, लोकांना ओळख झाली. नावही 'जनमार्ग' असे ठेवले. जनमार्ग निर्दोष आहे असे नाही. तेथील सायकल-मार्गांवर वाहने उभी राहतात, काही ठिकाणी पादचाऱ्यांची सोय अपुरी आहे, अपघातही झाले आहेत. तथापि पुणे आणि अहमदाबाद यांच्यातील अंतर पैशाचे नव्हते. केंद्राचे अभियान तेच होते, निधीचा स्रोत तोच होता. अंतर होते ते पूर्वतयारीचे.

या विषयातील तांत्रिक बाबी रूक्ष वाटतील, पण यश-अपयश त्यांतच दडलेले आहे, म्हणून दोन-तीन गोष्टी सविस्तर सांगणे आवश्यक आहे. पहिली गोष्ट थांब्याची. बसचा बराच वेळ थांब्यावर जातो. दोन-तीन पायऱ्या चढून, एका अरुंद दारातून तीस माणसांनी आत शिरायचे, त्यात एखादी आजी, एखादी कडेवर मूल घेतलेली माउली. या सगळ्याला दीड मिनिट सहज लागते. फलाट आणि बसचा तळ एका पातळीवर असेल, दारे रुंद असतील आणि तिकीट आधीच काढलेले असेल, तर हेच काम तीस-चाळीस सेकंदांत होते. प्रत्येक थांब्यावर सरासरी अर्धा मिनिट वाचला असे धरले आणि मार्गावर वीस थांबे असले, तर एका बाजूच्या प्रवासात दहा मिनिटे वाचतात, जाऊन-येऊन वीस. दोन तासांची फेरी शंभर मिनिटांवर येते. जी बस दहा तासांत पाच फेऱ्या करत होती ती सहा करू लागते. म्हणजे एकही नवी गाडी विकत न घेता, एकही नवा चालक न नेमता, पाच गाड्यांचे काम सहा गाड्यांइतके होते. ही किमया केवळ फलाटाची उंची आणि दाराची रुंदी नीट जुळवण्याने साधते. मात्र फलाट एका उंचीचा आणि येणारी बस दुसऱ्या उंचीची, किंवा चालकाने बस फलाटापासून हातभर दूर उभी केली, की सगळे मुसळ केरात.

दुसरी गोष्ट चौकाची. मधला रस्ता कितीही वेगात कापला तरी चौकात सगळे एकत्र येतात. बस सरळ जाणार, शेजारची मोटार उजवीकडे वळणार; म्हणजे मोटारीला बसच्या पुढून आडवे जावे लागणार. त्यासाठी सिग्नलची वेगळी वेळ द्यावी लागते. अशा वेळा वाढत गेल्या की एक फेरा पूर्ण व्हायला इतका वेळ लागतो की बस, मोटार आणि पादचारी तिघेही खोळंबतात. दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद या ५.८ किलोमीटरच्या मार्गावर २००८ मध्ये नेमके हेच झाले. चिराग दिल्लीच्या चौकातील मोटारींची रांग राजधानीतील वृत्तवाहिन्यांचा रोजचा विषय बनली. बसमधील प्रवाशांचा वेळ वाचत होता की नाही, हे विचारायला त्या वाहिन्यांचे प्रतिनिधी बसमध्ये क्वचितच चढले. मार्गिका रद्द करावी अशी याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये फेटाळली. पण न्यायालयात टिकलेली मार्गिका लोकमतात टिकली नाही. उपाय नव्हते असे नाही. काही चौकांत उजवे वळण बंद करून वाहनांना पुढून फिरवून आणता येते, थांबा चौकाच्या अगदी तोंडाशी न ठेवता मागे घेता येतो, बस जवळ येताच सिग्नल तिला वाट देईल अशी यंत्रणा बसवता येते. यासाठी रोज चौकात उभे राहून निरीक्षण करणारा अभियंता लागतो. निविदा काढून तो मिळत नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट पायी चालणाऱ्याची. बसचा प्रत्येक प्रवासी प्रवासाच्या आरंभी आणि शेवटी पादचारी असतो. थांबा रस्त्याच्या मध्यभागी नेला म्हणजे प्रत्येक प्रवाशाला अर्धा रस्ता ओलांडणे भाग पडते. मग त्या ओलांडणीसाठी सिग्नल हवा, पट्टे हवेत, जमल्यास रस्त्याच्या पातळीहून किंचित उंच केलेली वाट हवी, म्हणजे वाहनांचा वेग आपोआप कमी होईल. त्याऐवजी आपण पादचारी पूल बांधतो. सत्तरीचे आजोबा पन्नास पायऱ्या चढून पन्नास पायऱ्या उतरतील ही अपेक्षा करणारा नियोजक स्वतः कधी बसने प्रवास करत नसावा. पुण्यात पहिल्या प्रयोगात माणसे दगावली ती बस वेगाने जाते म्हणून नव्हे. त्यांना सुरक्षितपणे मध्यभागी पोहोचण्याची वाट नव्हती म्हणून. त्या मृत्यूंची जबाबदारी कोणावरही निश्चित झाली नाही. 'बीआरटीमुळे अपघात' एवढ्या एका वाक्यात ते प्रकरण मिटले. पिंपरी-चिंचवडमध्ये निगडी-दापोडी मार्गाबाबत सुरक्षेचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला, तज्ज्ञांकडून तपासणी झाली आणि २०१८ मध्ये मार्ग सुरू झाला. हा विलंब अनेकांना त्रासदायक वाटला. आमच्या मते माणसांच्या जिवाची चौकशी आधी होणे हाच योग्य क्रम आहे.

पुण्यातील सगळेच फसले असे चित्र रंगवणे मात्र सत्याला धरून होणार नाही. २०१५ मध्ये संगमवाडी-विश्रांतवाडी, सांगवी-किवळे, नाशिक फाटा-वाकड हे मार्ग 'रेनबो' या नावाने सुरू झाले, तेव्हा पहिल्या प्रयोगातील बऱ्याच चुका टाळल्या गेल्या होत्या. बंदिस्त थांबे, फलाटाशी जुळणारी बस, पूर्वप्रशिक्षण हे सारे त्यात होते. रुंद रस्ते लाभलेल्या पिंपरी-चिंचवडमध्ये त्याचा लाभही दिसला. यावरून एकच निष्कर्ष निघतो. कल्पना फसत नाही, अर्धवटपणा फसतो. दक्षिण अमेरिकेतील कुरितीबा या शहराने १९७४ मध्ये बसला स्वतंत्र वाट दिली. बोगोटाने डिसेंबर २००० मध्ये तेच मोठ्या प्रमाणावर केले आणि थांब्यांवर एका बसला दुसरी ओलांडून जाऊ शकेल असा जादा पट्टा ठेवला. ही शहरे श्रीमंत नव्हती. भुयारी रेल्वेचा खर्च परवडत नव्हता म्हणूनच त्यांनी बसचा मार्ग चोखाळला. परक्यांचे आंधळे अनुकरण नको हे खरे; पण आपल्यासारख्याच परिस्थितीतील माणसांनी विवेकाने काढलेली वाट अभ्यासण्यात कमीपणा नाही.

आता असे सांगितले जाते की मेट्रो आली, मग बसच्या मार्गिकेचे काय काम? पुण्यात मेट्रो मार्च २०२२ मध्ये सुरू झाली, सप्टेंबर २०२४ मध्ये ती स्वारगेटपर्यंत पोहोचली. तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु मेट्रो हा शहराचा कणा असेल, तर बस या त्याच्या नसा आहेत. मेट्रोचे स्थानक प्रत्येकाच्या दाराशी येणार नाही. कोंढव्यातून, धायरीतून, वाघोलीतून स्थानकापर्यंत माणूस आणायचा तो बसनेच. ती बस कोंडीत अडकली तर तो माणूस दुचाकीच काढणार, आणि स्थानकाखाली ती उभी करायला जागा नाही म्हणून थेट कार्यालयापर्यंत नेणार. एका किलोमीटर भुयारी मेट्रोला जो खर्च येतो त्यात कितीतरी किलोमीटरची बसमार्गिका, थांबे आणि गाड्यांसह उभी राहते. मेट्रो किंवा बस असा हा प्रश्नच नाही. मेट्रोला प्रवासी मिळावेत म्हणूनही बस वेळेवर चालली पाहिजे.

येथवर आम्ही प्रशासनाला बोल लावला. परंतु आरशात पाहण्याची वेळ आपलीही आहे. मार्गिकेत घुसणाऱ्या दुचाकी कोणाच्या असतात? त्या काही आकाशातून पडत नाहीत. घरी मुलांना शिस्तीचे धडे देणारे, सार्वजनिक कार्यक्रमात रांगेत बसणारे, वेळ पाळण्याचा आग्रह धरणारे आपणच सकाळी साडेनऊला 'आजच्या दिवस' म्हणून बसच्या वाटेत चाक घालतो. मग त्या मार्गिकेवर वॉर्डन नेमावे लागतात, त्यांच्याशी हुज्जत घातली जाते, बस मागे रांगेत उभी राहते आणि तिच्यातील साठ माणसांची दहा मिनिटे आपल्या दोन मिनिटांसाठी खर्ची पडतात. हे गणित कोणी मांडत नाही. आपल्या सुखवस्तू वर्गाने बस सोडली, त्याबरोबर बसविषयीची आस्थाही सोडली. महापालिकेच्या सभागृहात उड्डाणपुलासाठी आवाज उठतो, कारण उड्डाणपुलावरून जाणाऱ्यांचा आवाज पोहोचतो. पहाटे साडेपाचच्या बसने मार्केट यार्डला जाणारा हमाल, चार घरची कामे करणारी बाई, शिफ्ट संपवून निघालेली परिचारिका, पासावर कॉलेजला जाणारी मुलगी, यांचा आवाज त्या सभागृहापर्यंत पोहोचत नाही. समाज एकरस असावा असे आपण म्हणतो. त्या एकरसतेची एक साधी परीक्षा रस्त्यावर रोज होते.

ही शिस्त आपल्याला परकी आहे असेही नाही. आषाढात ज्ञानेश्वर माउलींची आणि तुकोबांची पालखी पुण्यातून निघते, तेव्हा हडपसरपर्यंत दोन्ही पालख्या याच सोलापूर रस्त्याने जातात. ज्या रस्त्यावर बसची मार्गिका टिकली नाही, त्याच रस्त्यावर त्या दिवशी लाखो माणसे दिंड्यांचा क्रम न मोडता चालतात. दिंडीत कोणी पुढे घुसत नाही. आणि सारे शहर आपली वाहने बाजूला घेऊन पायी चालणाऱ्यांना वाट देते, कोणी कुरकुर करत नाही. या रस्त्यावर पहिला मान चालणाऱ्याचा, अनेकांनी मिळून चालणाऱ्याचा, ही भावना त्या एका दिवशी आपल्या रक्तात असते. ती वर्षातील उरलेल्या दिवशी कोठे जाते, एवढाच प्रश्न आहे.

म्हणून कोणतीही मार्गिका उखडण्यापूर्वी पाच प्रश्नांची उत्तरे जाहीरपणे मांडली जावीत, अशी आमची मागणी आहे. त्या मार्गिकेवरून रोज किती माणसे जात होती? शेजारच्या पट्ट्यांतून किती? मार्गिकेवर ठरल्याइतक्या बस कधी तरी धावल्या का? पादचाऱ्यांसाठी ठरलेली ओलांडणी बांधली गेली का? आणि मार्गिका काढल्यानंतर बसचा तोच प्रवास किती मिनिटांनी लांबला? ही उत्तरे हाती असूनही मार्गिका निरुपयोगी ठरत असेल, तर ती जरूर काढावी. हट्टाने चालवण्याचा तो विषय नाही. एखादा रस्ता खरोखरच अरुंद असतो, एखाद्या ठिकाणी मेट्रोच्या खांबांमुळे जागाच उरत नाही. परंतु 'लोकांची मागणी' या नावाखाली केवळ मोटारवाल्यांची मागणी पुढे केली जात असेल, तर ती लोकमान्यता नव्हे. बसमधला माणूसही लोकांतच मोडतो, आणि संख्येने तोच अधिक आहे.

कार्यकर्त्यांना यात करण्यासारखे बरेच आहे. आपल्या वस्तीतून जाणाऱ्या बसच्या थांब्यावर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ उभे राहून किती बस आल्या, किती उशिराने आल्या, किती माणसे चढली याची नोंद दोन तरुणही करू शकतात. अशा नोंदी घेऊन प्रभागाच्या लोकप्रतिनिधीकडे गेले तर त्याला केवळ भाषण करून सुटका करून घेता येत नाही. थांब्यापर्यंतची ओलांडणी धोक्याची असेल तर ती छायाचित्रासह दाखवून देता येते. आणि आठवड्यातून एक दिवस तरी आपले वाहन घरी ठेवून कुटुंबासह बसने जाण्याचा नेम करता येतो. ज्या सेवेचा आपण उपयोग करतो तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार आपोआप येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच रस्ता असेल आणि शेजारी तीच रिकामी दिसणारी मार्गिका. तिच्यात चाक घालण्यापूर्वी मागे वळून पाहावे. मागून येणाऱ्या बसमध्ये साठ माणसे उभी आहेत आणि त्यांनाही कामावर वेळेत पोहोचायचे आहे.